निर्मनुष्य सड्यावर नऊ दिवस

सांगली ते मलकापूर

मी त्या वेळी एका खाणकंपनीच्या समाजकल्याण विभागात होते. विभाग म्हणजे मीच. मुंबईच्या कचेरीत खिडकीपासून लांब एक टेबल, एक खुर्ची आणि 'समाजकल्याण' अशी पाटी. पाटी टेबलापेक्षा नवी होती. कंपनीने आदल्या वर्षी दुसऱ्या एका जिल्ह्यात बॉक्साइट शोधायला माणसं धाडली होती आणि तिथल्या लोकांनी त्यांना यंत्रासकट हाकलून दिलं होतं. तेव्हा वरिष्ठांच्या ध्यानात आलं, की जमिनीला भोक पाडण्याआधी जमिनीवर राहणाऱ्यांशी दोन शब्द बोलायला हवेत. ते दोन शब्द बोलायला मला नेमलं. मी समाजशास्त्र शिकलेली, मूळची सांगलीची, म्हणून साहेबांच्या मते 'त्याच भागातली'.

तो भाग म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याच्या डोंगरमाथ्यावरचा एक सडा. सडा म्हणजे माथ्यावरचं कातळाचं सपाट मैदान. असे सडे मी फक्त लांबून पाहिले होते, एसटीच्या खिडकीतून. त्यावर धनगरांची अकरा घरं आहेत, असं कंपनीच्या टिपणात होतं. मी सांगलीत दोन दिवस घरी राहिले. आईने भडंगाचा डबा भरून दिला. वडिलांनी विचारलं, "तिथं जाऊन तू नक्की काय करणार?" मी म्हटलं, "संमती घेणार." ते म्हणाले, "आणि नाही दिली तर?" मी भडंगाचा डबा पिशवीत घातला.

कराडला कंपनीचे भूशास्त्रज्ञ कारखानीस जीप घेऊन थांबले होते. पन्नाशीचे, बारीक, सावकाश बोलणारे गृहस्थ. माणसांपेक्षा दगडांशी बरं जमतं, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगितलं. गाडी चालवायला घाडगे होते. वडूजचे, फौजेत पंधरा वर्षं काढून आलेले. जीपच्या मागे समाजकल्याणाचं सामान होतं: चाळीस चादरी, साठ पाट्या, पेन्सिलींचे खोके आणि भिंतीवर लावायचं एक मोठं घड्याळ. ही यादी मुंबईत ठरली होती. या सामानाच्या वजनाने कराडला लागूनच असलेल्या मलकापुरात जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला.

लोहाराने नवा पाटा बसवेपर्यंत आम्ही त्याच्या दुकानापुढे चार तास बसून होतो. घाडगे म्हणाले, "म्याडम, वर शाळा हाय का?"

"नाही."

"मग पाट्या?"

"मुंबईच्या यादीत आहेत." घाडगे फौजी माणूस. वरून आलेल्या हुकुमाबद्दल दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

सडा

जीप डोंगराच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत गेली. पुढे तीन तासांची चढण. कंपनीने ट्रकने आधीच तिथे पोचवलेलं बोअर घ्यायचं यंत्र सुटं करून वाशांना बांधलं आणि वरून आलेल्या सोळा धनगरांनी ते खांद्यावर नेलं. यंत्राच्या पुढे घड्याळ चाललं होतं, एकाच्या डोक्यावर, चादरीत गुंडाळून. मी वाटेत सहा वेळा बसले. प्रत्येक वेळी सगळे यंत्र खांद्यावर घेऊन माझ्यासाठी थांबले, आणि ते कुणी बोलण्यापेक्षा वाईट होतं.

वर पोचल्यावर पहिल्यांदा वारा लागला. मग दिसलं ते मैदान: काळपट तांबूस कातळ, ठिकठिकाणी चाळणीसारखी भोकं पडलेला, मध्ये वाळलेल्या गवताचे पट्टे, आणि कडेला झाडांच्या आडोशाने बसलेली घरं. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमाती, वर गवताचं शाकारण. मार्च महिना होता. खाली कृष्णाकाठी त्या दिवसांत उसाच्या फडात घाम निथळतो. इथे दुपारी दोन वाजता मी शाल गुंडाळली.

धनगरवाड्याचे कारभारी बमू ढेबे, सगळे त्यांना बमूमामा म्हणत. साठीच्या पुढचे, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी. त्यांनी आम्हाला घोंगड्यावर बसवलं आणि वाट्यांतून म्हशीचं धारोष्ण दूध आलं. आमच्याकडे पाहुण्याला चहा घेणार का म्हणून विचारतात, पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. मी त्या रिवाजाने "नको, नको" म्हटलं. वाटी लगेच उचलली गेली आणि शेजारच्या म्हाताऱ्याने पिऊन टाकली. कारखानीस आपली वाटी संपवत होते. दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या खेपेलाच हात पुढे करू लागले.

जेवायला नाचणीची भाकरी, लसणाचा खर्डा आणि ताक. घड्याळ लावायला भिंत शोधली, पण कारवीच्या कुडात खिळा उभा राहीना. शेवटी ते एका खांबाला टेकवून जमिनीवर ठेवलं. त्याच्यापुढे एक कोंबडी बराच वेळ उभी होती.

कारखानीसांनी सड्यावर दोरी टाकून आखणी केली आणि जिथे जिथे भोकं घ्यायची तिथे लाल चिंध्यांच्या काठ्या रोवल्या. तिसरी काठी रोवताना एक बाई येऊन उभी राहिली. ठकूबाई. चाळीस-पंचेचाळीसची, विधवा, हातात विळा. तिने काठीकडे पाहिलं, मग कारखानीसांकडे.

"हितं कशाला भोक पाडताय? हितं भोक हायच."

खरंच, काठीपासून हातभर अंतरावर कातळात मांडीएवढं रुंद भोक होतं, आत काळोख.

"आम्हाला खोल पाहिजे," कारखानीस म्हणाले. "खालचा दगड बघायचाय."

"हे बी खोलच हाय. ह्येच्यात पडलेलं पानी खाली उंबराच्या झऱ्याला जातं. आमी पितो ते हेच. म्हसरं पित्यात ते हेच."

कारखानीसांनी तिला समजावून सांगितलं. जांभ्या दगडातून पाणी फार हळू मुरतं, वर पडलेला थेंब खाली पोचायला महिने, कदाचित वर्षं लागतात. ते खरोखर मन लावून सांगत होते, आकृती काढून. ठकूबाईने ऐकून घेतलं.

"आमचं पानी इतकं आळशी न्हाई," ती म्हणाली आणि गवत कापायला निघून गेली.

अंगठे

चौथ्या दिवशी यंत्र जोडून झालं आणि भोक पाडायला सुरुवात झाली. यंत्राला सारखं पाणी ओतावं लागतं, नाहीतर पोलादी टोक तापतं. माथ्यावरच्या डबक्यातून माणसं हंडे आणून ओतत होती आणि तो तांबडा चिखल वाहत त्या मांडीएवढ्या भोकात जात होता.

त्याच दिवशी माझं काम होतं. मुंबईहून मी टंकलिखित कागद आणला होता, इंग्रजीत, चार पानी. त्याच्या शेवटी अंगठे घ्यायचे आणि अंगठा दिला की चादर द्यायची. मुंबईच्या साहेबांनी निघताना सांगितलं होतं, "वाचून दाखवत बसू नका. त्यांचा गोंधळ होतो." मी कागद वाचला नव्हता असं नाही. वाचला होता. त्यातलं एक वाक्य मला रुचलं नव्हतं, पण नोकरीत न रुचणारी वाक्यं असतातच, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

टेबल नव्हतं. यंत्राजवळ डिझेलचे दोन वीस-वीस लिटरचे डबे होते. मी ते ओढून त्यांवर फळी टाकली, शाईचा पॅड ठेवला आणि लोक एकेक करून येऊ लागले. एका डब्याचं झाकण सैल होतं, ते मला दिसलं होतं. सात अंगठे झाले. आठवी ठकूबाई होती. तिने अंगठा पुढे केला नाही. "कागदावर काय हाय ते सांगा की," ती म्हणाली.

मी उत्तर टाळायला म्हणून उठले. म्हणजे चादर काढायला उठले, असं दाखवत उठले. फळीचं टोक माझ्या पदरात अडकलं, फळी कलंडली, पॅड माझ्या अंगावर आला आणि सैल झाकणाचा डबा आडवा होऊन उताराने घरंगळत गेला. घाडगे धावले. डबा त्या भोकाच्या तोंडाशी अडकला, तोंड आत, बूड वर. त्यांनी तो ओढून काढला तेव्हा हलका झाला होता.

यंत्र थांबवलं. मी ठकूबाईकडे पाहिलं. ती भोकाकडे बघत होती.

"उद्या सकाळी पोचंल," ती म्हणाली.

कारखानीस म्हणाले, "नाही हो. एवढ्या लवकर नाही."

उंबराचा झरा

सकाळी पोचलं. सड्याच्या कडेखाली पन्नास-साठ हात उतरलं की कपारीत एक मोठं उंबराचं झाड आहे आणि त्याच्या मुळांतून पाणी येतं. खाली दगडात कोरलेली डोण. आम्ही गेलो तेव्हा डोणीतल्या पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग तरंगत होते आणि वास एसटी डेपोचा येत होता. म्हशी डोणीपर्यंत येत, नाक लावत आणि मान वळवत. साठ-पासष्ट म्हशी. एकेक करून सगळ्यांनी मान वळवली.

कारखानीस उकिडवे बसले. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मग बमूमामांना म्हणाले, "माझं चुकलं. बाई बरोबर होत्या."

मामा म्हणाले, "तिचं खरं असतं. तिचा नवरा बी लय येळा म्हनायचा, माझं चुकलं."

डबा माझ्यामुळे पडला, हे मी तिथे सगळ्यांपुढे सांगितलं. सगळ्यांनी ते पाहिलंच होतं, तरी सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "पडला तर पडला. आता पानी आना."

दुसरा झरा तासाभराच्या उतरणीवर होता, चढताना दीड तास. म्हशी तिकडे हाकल्या. गाभण होती ती आणि दोन आजारी होत्या त्या वरच राहिल्या. त्यांच्यासाठी आणि माणसांसाठी पाणी डोक्यावरून आणायचं. आम्ही तिघंही लागलो. आमच्या घरी सांगलीत नळ आहे. पाणी गेलं की आई नगरपालिकेच्या नावाने बोलते आणि दोन तासांनी ते येतं. पहिल्या खेपेला मी घागरीतलं निम्मं पाणी अंगावर घेतलं. दुसऱ्या खेपेला घागरच सोडली. तिसऱ्यापासून मला लोटा दिला. कारखानीसांना कावड जमली नाही, ते एक हंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरून यायचे. घाडगे मात्र कावड घेऊन अशा चालीने चढायचे, की बायका त्यांच्याकडे बघत.

"वडूजला आमी पान्याला दोन-दोन कोस जायचो," ते मला म्हणाले. "हितं आभाळ फाटंस्तवर पाऊस पडतो म्हणं. तरी बगा."

राग कुणी दाखवला नाही. फक्त दूध यायचं थांबलं. जेवण यायचं, ताक यायचं, दूध नाही. त्याबद्दल विचारण्याचं धाडस मला झालं नाही. पाणी वाहायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी गाभण म्हैस व्याली. पारडू जिवंत होतं. ठकूबाई हात धुऊन आली, तेही माझ्याच लोट्यातल्या पाण्याने, आणि माझ्यासमोर बसली.

"आता तरी वाचा," ती म्हणाली.

सगळे जमले. मी चार पानं मराठीत सांगत गेले. जमीन सरकारची, कंपनीला परवाना, किती भोकं, किती वर्षं. लोक ऐकत होते. मग ते वाक्य आलं. ते गाळून पुढे जाता आलं असतं, कुणाला कळलं नसतं.

"सदर जागा पडीक आणि निर्मनुष्य असून तीवर कोणाची वस्ती नाही," मी वाचलं.

"निर्मनुष्य म्हंजी?" बमूमामांनी विचारलं.

"माणूस नसलेली."

मामांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. पंचेचाळीस-पन्नास असतील, मांडीवरची धरून.

"मग अंगठं कुनाचं घ्यायला आलाय?"

कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे सरकलं नाही. कारखानीस खाली मान घालून म्हणाले, "हे आम्ही ठरवलेलं नाही, मामा. सरकारी कागदावर तसंच आहे. तालुक्याच्या दप्तरात ही जागा रिकामी आहे. आम्ही तिथून उतरवून घेतलं."

"म्हंजी समद्यांच्याच कागदावर आमी न्हाई?"

"नाही."

हे मामांना बहुधा नवीन होतं. त्यांचे आजोबा इथेच जन्मले, असं ते मग हळू म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.

मी सात अंगठ्यांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे फाडून टाका, मी सांगेन मुंबईला. ठकूबाईने ते उचललं, घडी केली आणि कमरेला खोचलं.

"फाडायचं कशाला? आमचं अंगठं हायत त्येच्यावर. ते तुमच्यासंगं कशाला धाडू?"

पाटण

दुसऱ्या दिवशी बमूमामा, ठकूबाई आणि आणखी दोघे जण आमच्याबरोबर डोंगर उतरले. जीपमध्ये चादरींची जागा आता रिकामी होती. ठकूबाई पहिल्यांदाच मोटारीत बसली. वळणावर तिने घाडग्यांच्या खांद्याला घट्ट धरलं आणि पाटण येईपर्यंत सोडलं नाही.

तालुका कचेरीत एक कारकून होते, कानावर पेन्सिल. त्यांनी दप्तर काढलं, पानं उलटली.

"इथं वस्ती नाही."

"आमी ऱ्हातो तितं," मामा म्हणाले.

"पुरावा?"

मामांनी ठकूबाईकडे पाहिलं. तिने कारकुनाकडे. पुरावा म्हणून ते चौघे तिथे उभेच होते, पण ते कारकुनांना चालत नव्हतं. "शेतसारा? घरपट्टी? कसला तरी कागद?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांना कागदाला कागद हवा होता.

तेव्हा कारखानीसांनी गुंडाळलेला नकाशा टेबलावर उलगडला. ही कंपनीची मोजणी. त्यात भोकांच्या जागा होत्या, डबकं होतं, उंबर होता आणि सड्याच्या कडेला चौकोन होते, घरांचे. ते मोजणीच्या सवयीनेच काढले होते. त्यांनी खिशातून कंपनीचा शिक्का काढला, तारीख घातली, सही केली आणि सावकाश लिहिलं, 'वस्ती, घरे अकरा, समक्ष पाहिली.' हे लिहायला कंपनीने त्यांना धाडलं नव्हतं. त्याचा परिणाम काय होईल हे त्यांना माहीत होतं, कारण शिक्का उचलण्याआधी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

कारकुनांनी शिक्का निरखला. इंग्रजी शिक्का होता, गोल. "तलाठी जाऊन बघतील," ते म्हणाले. आम्ही चहा पाजून त्यांना उद्याचाच दिवस ठरवायला लावला.

पुन्हा सडा

तलाठी तरुण होते, बूट घालून आले होते. तीन तासांच्या चढणीला त्यांना साडेचार लागले. मी या वेळी चार वेळाच बसले आणि त्याचा मला अभिमान वाटल्याचं कबूल करते. वर गेल्यावर त्यांना दूध मिळालं. मलाही मिळालं. मी ते घाईघाईने प्यायले.

झऱ्याचा वास तेव्हा थोडा कमी झाला होता. पुरता जायला पुढे आणखी आठवडे लागले, असं घाडग्यांकडून नंतर कळलं. ते सुटीत मुद्दाम जाऊन आले होते. यंत्र त्या दिवशीच सुटं करून खाली धाडलं. कारखानीसांनी आपल्या अहवालात लिहिलं, की खनिज आहे, पण त्याच्याच पोटात या माणसांचं पाणी आहे, आणि एक काढलं की दुसरं राहणार नाही. कंपनी तिथे परत गेली नाही. अहवालामुळे की रस्ता नाही म्हणून, ते मला कुणी सांगितलं नाही. कारखानीसांची बदली झाली. माझा विभाग बंद झाला, म्हणजे टेबल हिशेबनिसांना दिलं. मी सांगलीला परतले आणि शाळेत शिकवू लागले.

पण त्या दुपारी यातलं काही घडलेलं नव्हतं. तलाठी नकाशा हातात घेऊन घरं मोजत चालले होते आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. प्रत्येक दारात ते थांबत, कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, नकाशातल्या चौकोनावर खूण करत. अकरावं घर झालं. त्यांनी वही मिटली.

"झालं. अकरा."

"बारा," ठकूबाई म्हणाली.

तलाठ्यांनी नकाशा पाहिला. "यात अकराच आहेत."

ती वळली आणि चालू लागली. आम्ही मागोमाग. झाडीच्या पलीकडे, इतर घरांपासून जरा लांब, एक बुटकी खोप होती. कमरेत वाकूनच आत जावं लागेल एवढी. दारात दोन शेळ्या बांधलेल्या. मी आठ दिवसांत तिच्यावरून कितीदा तरी गेले होते.

"ही..." कारखानीस म्हणाले. "मला वाटलं, शेळ्यांची आहे."

"शेळ्या हायतच. मी बी ऱ्हाते."

आत चूल होती, विस्तव झाकून ठेवलेला, कोपऱ्यात नीट लावलेली चार भांडी. तलाठ्यांनी वाकून आत पाहिलं, वही उघडली आणि नाव विचारलं. तिने स्वतःचं नाव सांगितलं. त्यांनी नवऱ्याचं विचारलं, तेही सांगितलं.

कारखानीसांचे कान लाल झाले होते. ते तिथेच कातळावर बसले, नकाशा गुडघ्यावर पसरला, 'अकरा' खोडून 'बारा' केलं आणि पेन्सिलीने एक लहान चौकोन काढला. ठकूबाई त्यांच्या मागे उभी राहून बघत होती.

"लय बारीक काढलं," ती म्हणाली.

त्यांनी खोडरबर काढलं आणि तो इतर चौकोनांएवढा केला.